काट्याचा हात

तुमच्या कुत्र्याचं तोंड आज सकाळपासून मिटत नसेल, लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर हे आधी तुम्ही वाचा. आणि वाचता वाचता हात मागं घ्या. घशात हाड अडकलं असेल, काटा अडकला असेल, असंच तुमच्या मनात येत असेल. आमच्याही मनात तेच आलं होतं.

मी बारावी शिकलेली. लिहायला बसले की शाळेतली भाषा येते, बोलताना आमची झाडीपट्टीची. म्हणून माझं मी माझ्या परीनं लिहिते, पण माणसं जशी बोलली तशीच लिहिते. आम्ही ढिवर. पवनी तालुक्यात तलावाकाठी आमचं गाव. नवरा तलावात जाळं टाकतो, मी बाजारात मासे विकते. घरात तिसरी माझी सासू, तिला मी माय म्हणते. आणि चौथा होता डोंग्या, आमचा कुत्रा. ह्यांनी डोंगा, म्हणजे आमची लहान नाव, पाण्यात ढकलला की हा आधी उडी मारून टोकावर बसायचा, म्हणून त्याचं नाव डोंग्या. जाळं ओढताना मासा उसळला की तो असा भुंकायचा, जसं काही यानंच पकडला.

दहा कुत्रे जमवा

डोंग्याला लस का नव्हती, हे मला प्रत्येक दवाखान्यात विचारलं. जसं काही मला ठाऊकच नव्हतं लस काय असते ते.

पिल्लू होता तेव्हा भंडाऱ्याला नेऊन एकदा टोचून आणलं होतं. दरवर्षी टोचा म्हणाले. दरवर्षी कुत्रा घेऊन बसमध्ये कोण चढू देते? मग मी जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. पोळ्याच्या आधीचे दिवस होते, आवारात बैलच बैल. तिथला माणूस म्हणाला, "बाई, लसीची बाटली दहा कुत्र्यायची असते. एकासाठी फोडली तं बाकीची फेकाव लागते. दहा कुत्रे जमवा, मंग फोडतो."

मी म्हटलं, ठीक आहे, जमवते. घरोघरी फिरले. आता गंमत ऐका. आमच्या गावात कुत्रे पन्नास, पण कोणाचाच नाही. ओट्यावर झोपतो तो, भाकर टाकते ती बाई, मुलं त्याला नावानं हाक मारतात, पण विचारलं की, "आमचा कायचा वो, गावाचा आहे." लसीला नेऊ म्हटलं की सगळे गावाचे. तरी सहा जमवले. पाय धरायचे बाकी ठेवले होते मी लोकांचे. दोऱ्या बांधून, चार बाया मिळून, ओढत ओढत सहा कुत्रे नेले, तर डॉक्टर साहेब बैलांच्या शिबिराला गेलेले. आणि सहाच आहेत, दहा नाहीत. परत आलो. रस्त्यात दोन कुत्रे एकमेकांना फाडत होते आणि लोक हसत होते.

त्यानंतर मी गेले नाही. धान निघालं, मग तलावाचं पाणी उतरलं, मासेमारीचा हंगाम लागला. राहून गेलं. हे दोन शब्द मी आता कोणाच्या तोंडून ऐकले की माझं डोकं फिरते.

काटा

थंडी सरत आली होती. शनिवारी सकाळी डोंग्या डोंग्यात चढला नाही. चुलीजवळ बसून राहिला. खालचा जबडा लोंबलेला, तोंडातून लाळेची तार गळते आहे. हे म्हणाले, "काल रोहूची डोकी टाकली होती नं त्याले? काटा अडकला."

मायनं पाहिलं आणि तिनंही मान डोलावली.

इथं मायबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या गावात मुलाच्या घशात माशाचा काटा अडकला की त्याला दवाखान्यात नेत नाहीत, आमच्या दारात आणतात. मायच्या हाताला काट्याचा गुण आहे असं सगळे मानतात. ती बोटाला गोडं तेल लावते, एक बोट जिभेच्या मुळाशी नेते, दुसऱ्या हातानं गळा खाली खाली चोळते. मूल ओकते, रडते, आणि काटा एक तर बाहेर येतो नाही तर खाली जातो. ह्यांच्या जन्माआधीपासून ती हे करते आहे. त्याचं काही घेत नाही. फक्त जाताना मुलाला भाताचा एक गोळा स्वतः भरवते. या ढिवरवाड्यात तिचं बोट तोंडात न गेलेला माणूस सापडणार नाही.

तर ह्यांनी डोंग्याचा जबडा धरला. मी मोबाइलचा उजेड पाडला आणि जीभ ओढून धरली. मायनं तेल लावून बोट घातलं.

"लागला, लागला," ती म्हणाली. "बारीक आहे. रोहूचाच असन."

काटा निघाला नाही. मग मी भाताचे गोळे करून बोटानं आत ढकलले. तेही बाहेर आले. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. डोंग्या एकदाही चावला नाही. बिचाऱ्याला तोंडच मिटवता येत नव्हतं, चावणार काय? नुसता डोळे उचलून पाहत होता.

आणि आमचे हात कसे असतात ते ढिवराला सांगायला नको, बाकीच्यांना सांगते. जाळ्याचा दोरा बोटं कापतो, शिंगी माशाचा काटा टोचतो, खवले काढताना विळा लागतो. हाताला चीर नाही असा दिवस आमच्या घरात उगवत नाही.

नंबर सांगा

रविवारी तो मागच्या पायांवर लटपटायला लागला. ह्यांनी त्याला जाळ्यात गुंडाळला, मी मोटारसायकलवर मागं मांडीवर घेऊन बसले. पुन्हा तोच दवाखाना. डॉक्टरांकडे तीन दवाखान्यांचा कारभार, ते तिसऱ्या ठिकाणी. हाताखालचा माणूस मोबाइल काढून म्हणाला, "नंबर सांगा."

"कायचा नंबर?"

"कानातल्या बिल्ल्याचा."

"भाऊ, गाईच्या कानात बिल्ला असते. कुत्र्याच्या कानात पाहिला का तुम्ही कधी?"

तो हसला नाही. म्हणाला, "बाई, इथं ढोरायची नोंद होते. मले कुत्र्यातलं जास्त समजत नाई." खरं बोलला, एवढं त्याचं चांगलं. लांबूनच पाहिलं, तापाचं एक इंजेक्शन दिलं, गाईच्या मापातून अंदाजानं कमी करून. भंडाऱ्याच्या कुत्र्यांच्या डॉक्टरचा नंबर मात्र त्यानंच दिला.

तिथं फोन लावला तर एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर ऑपरेशनमध्ये आहेत, व्हिडिओ पाठवून ठेवा." मी कधीकाळी त्या दवाखान्यात गेले होते, पिल्लाला घेऊन. काचेच्या कपाटात कुत्र्यांचे स्वेटर आहेत, शाम्पू आहे, वाढदिवसाची टोपी आहे. हे सगळं असू द्या बाप्पा, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या गावापासून तिथपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात कुत्र्याचं तोंड उघडून "हे काय आहे" सांगणारा एक माणूस नसावा? तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेटवर्क मिळते, तिथं उभी राहून मी व्हिडिओ पाठवला.

सोमवारी पहाटे डोंग्या गेला. ह्यांनी पळसाखाली खड्डा केला, मीठ टाकलं, पुरला. आणि मी टोपलं उचलून बाजारात गेले. हसू नका, रागावूही नका. मासे कोणाच्या मरणासाठी थांबत नाहीत.

बाजारात

एका बाईला कटला कापून देत होते, तेव्हा फोन वाजला. भंडाऱ्याच्या डॉक्टरचा निरोप होता. मी रक्ताच्या हातानंच वाचला. लिहिलं होतं, हा पिसाळल्याचा मुका प्रकार वाटतो, यात कुत्रा अंगावर येत नाही, जबडा लटकतो, लोकांना वाटते काही अडकलं. कोणीही तोंडात हात घालू नका. घातला असेल तर आजच माणसांच्या दवाखान्यात जा.

विळा माझ्या हातातच होता. बाई म्हणाली, "काय झालं वो सुमन? काप नं."

मला दीड महिन्यापूर्वीची गोष्ट आठवली. पाळीवर एका परक्या कुत्र्यानं डोंग्याचा कान फाडला होता. आम्ही हळद लावली होती. हळद! मी टोपलं तसंच शेजारणीच्या हवाली केलं आणि ह्यांना फोन केला. मी काय बोलले आठवत नाही. हे एवढंच म्हणत होते, "पण माय म्हणे काटा लागला. माय म्हणे लागला."

सुया

त्याच संध्याकाळी आरोग्य केंद्रात पहिली सुई झाली, दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात. तिथली नर्स कागद भरत होती.

"कुठं चावला?"

"चावला नाही."

"मग?"

मी दोन्ही हात तिच्या टेबलावर उताणे ठेवले. तिनं लेखणी खाली ठेवली आणि एकेक चीर मोजायला लागली. मग हळूच म्हणाली, "ताई, प्रत्येक जखमेत थोडं थोडं द्यावं लागते. दुखन."

बोटात मांस असते कुठं हो सुईला? आमच्या ह्यांना शिंगीनं कितीदा टोचलं, माणूस हूं की चूं करत नाही. त्या दिवशी भिंतीला डोकं लावून रडले. मी नाही रडले, मला राग आला होता. कोणाचा, ते सांगता येत नाही. त्या नर्सनं नंतर स्वतःच्या डब्यातली पोळी आम्हा दोघांना दिली. बोटं फुगली होती, म्हणून तुकडे करून दिली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

भीती कशी असते तेही सांगते. पाण्याची भीती वाटली की संपलं, एवढं सगळ्यांनाच माहीत असते. म्हणून मी दिवसातून दहादा रांजणाजवळ जायची आणि पाणी पिऊन पाहायची. घोट अडकल्यासारखा वाटला की पुन्हा पेला भरायची. जन्म पाण्यात गेला आमचा, आणि मी पेल्याला घाबरत होते. डॉक्टरांनी समजावलं की सुया वेळेवर सुरू झाल्या, आता भ्यायचं कारण नाही. तिसऱ्या सुईनंतर माझं मन थाऱ्यावर आलं.

माझं आलं. मायचं काय?

माय

मायनं सुई घेतली नाही.

"कुत्रं चावलं का मले? नाई नं? मंग सुई कायले?"

"माय, लाळ लागली. तुह्या बोटाले चिरा आहेत."

"तो काटा होता. माह्या बोटाले लागला. तुमाले टोचाच्या तं टोचा."

हे ओरडले, "अवो, मरशीन नं! तडफडून मरशीन!"

"मरीन तं मरीन. पन ते कुत्रं काट्यानं मेलं, पिसाळून नाई."

चार दिवसांनी जनावरांचे डॉक्टर स्वतः आले. तरुण पोरगा, हेल्मेटखाली घामानं भिजलेला. अंगणात उभ्यानंच म्हणाला, "बाई, मी तीन दवाखाने पाहतो, मला माफ करा." त्याच्यावर चिडायचं ठरवून बसले होते, तेही जमलं नाही. तो म्हणाला, खात्री करायला कुत्र्याचं डोकं तपासायला पाठवावं लागते, तेही लगेच. मिठात पुरून चार दिवस झाल्यावर आता काही कळणार नाही.

माय दारात बसून ऐकत होती. "म्हंजे तुमालेबी मालूम नाई."

"आजी, लक्षणं तशीच होती."

"काट्याचीबी तशीच असते."

ती खोटं कुठं बोलत होती? मेलेला डोंग्या येऊन सांगणार होता का?

मी काय काय केलं सांगू? पाया पडले. शपथा घातल्या. आरोग्य खात्याच्या आशाताईला बोलावलं. शेवटी ह्यांच्या डोक्यातून निघालं की डोळे तपासायचे सांगून नेऊ. नेलं. मायला वाचता येत नाही, पण आरोग्य केंद्राच्या बाकावर पायाला पट्टी बांधलेला एक माणूस दुसऱ्याला "कुत्र्यानं फाडला" म्हणताना तिनं ऐकलं. उठली आणि चालायला लागली.

"मले बह्याड समजता का रे?"

उन्हातून पायी घरी आली, आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. ह्यांच्या हातचा चहाही घेईना. घरात तीन माणसं, तीन कोपरे. चौथा कोपरा रिकामा, तिथं डोंग्याचं पोतं अजून पडलेलं.

माणसाला उचलून डोंग्यात टाकता येते, जाळ्यात बांधता येते, पण जी म्हातारी नाही म्हणते तिच्या दंडात सुई कशी घालायची? दिवस जात होते आणि मी फक्त तिच्याकडे पाहत होते. ती जेवली की मी पाहायची. खोकली की पाहायची. तिला कळत होतं, ती पाठ फिरवून पाणी प्यायची. त्यानं मी आणखी घाबरायची. पोरकटपणा दोघींचा, पण जीव टांगणीला लागला की माणूस पोरकटच होते.

रेखाचं लेकरू

डोंग्या जाऊन सतरावा दिवस. दुपारी गल्लीतली रेखा चार वर्षांच्या लेकराला काखेत घेऊन पळत आली. "आजी, काटा! पाहा नं वो जल्दी!"

लेकरू गळा धरून रडत होतं. माय नेहमीसारखी उठली. हात धुतले. वाटीत तेल घेतलं. पाटावर बसली, लेकराला समोर घेतलं, "आ कर रे राजा" म्हणाली. त्यानं आ केला.

मायचा हात वर गेला आणि थांबला. ती आपल्या बोटाकडे पाहत होती. तेलानं चमकत होतं बोट, नखाजवळची चीर उघडी होती. मी दारात होते, हे जाळं शिवत होते. लेकरू आ करून तसंच.

मायनं हात खाली घेतला आणि लुगड्याला पुसला.

"दवाखान्यात ने याले," ती म्हणाली.

"काहून वो आजी? तुम्हीच काढा नं."

"नोको. माह्या हातानं नोको."

रेखा माझ्याकडे पाहायला लागली. मी मान वळवली, माझ्यानं पाहवेना. तो काटा तर रेखानं वाटेत केळं चारलं तेव्हाच गेला, लेकरू संध्याकाळी गल्लीत हुंदडत होतं. पण माय पाटावरून उठली नाही. तेलाची वाटी पुढ्यात घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिचा राग आला नाही, तिची दया आली.

सकाळी पाहते तर माय पोळ्याला नेसते ते लुगडं नेसून, पिशवी घेऊन अंगणात उभी. "चाल," म्हणाली. कुठं, ते मी विचारलं नाही.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तीच नर्स होती. माय तिला म्हणाली, "या बोटाले आधी टोच. हेच घातलं होतं मी." नर्सनं टोचलं. मायनं डोळे मिटले नाहीत, सुईकडे पाहत राहिली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "उशीर झाला. पण लक्षणं नाहीत तोवर उशीर चालतो, न घेणं चालत नाही. पुढच्या एकही चुकवू नका." मायनं एकही चुकवली नाही. तारीख मी विसरले तर ती आठवण द्यायची.

पाणी

डोंग्या गेल्यावर महिन्यानं गावात लसीची गाडी आली. वरातीमागून घोडं! आणि काय सांगू, जे कुत्रे कोणाचेच नव्हते ते सगळे त्या दिवशी कोणाचे ना कोणाचे निघाले. ओट्याओट्यावरून दोऱ्या बांधून आले. दहा काय, चाळीस जमले. मी जाऊन त्यांचे कान धरून उभी राहिले. रडू येत होतं आणि शिव्याही येत होत्या. शिव्या गिळल्या.

तुमच्या गावात दहा जमत नसतील तर मी जे केलं नाही ते करा, दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जा. त्याउपर माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही.

आता चार महिने झाले. माय कोणाच्या लेकराच्या तोंडात बोट घालत नाही. आयाबाया येतात, ती त्यांना दारातूनच केळं चारायला सांगते आणि आत जाते. तो काटा होता की नाही, यावर आमच्या घरात कोणी बोलत नाही. तिनंही कधी म्हटलं नाही की माझं चुकलं. मला तिच्या तोंडून ते ऐकायचंही नाही.

डॉक्टर म्हणतात, आता निश्चिंत राहा. मी होय म्हणते. पण सकाळी चूल पेटवताना माझी नजर रांजणाकडे जाते, ती मी थांबवू शकत नाही. मायला ते ठाऊक आहे. आता ती पाठ फिरवत नाही. पेला भरते, माझ्यासमोर येऊन बसते, एका दमात सगळं पाणी पिते आणि पेला उपडा करून दाखवते.

"पाह्यलं का वो? पेली मी."

"पाह्यलं, माय."

मग ती पेला धुऊन ठेवते, आणि मी टोपलं उचलते.